सशाच्या लाकडी पिंजऱ्याचा वास

आधी ती फिनेलची बाटली बाजूला ठेव बघू. ससा लाकूड चाटतो, कुरतडतो, म्हणजे तू पुसशील ते त्याच्या पोटात जाणार. डांबरगोळ्या, अगरबत्ती, रूम फ्रेशनर पण नको.

वास येतो तो कोपऱ्यातून, जिथे मूत मुरून पांढरी खरवड धरते, तो कॅल्शियमचा थर असतो आणि साबणाने ढिम्म हलत नाही. ससा दुसरीकडे हलव, पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं करून तिथे मार, पंधरा-वीस मिनिटं मुरू दे, मग जुन्या टूथब्रशने घास आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घे. बादलीभर पाणी ओतू नकोस, लाकूड फुगतं. ब्लीच तर चुकूनही नाही, व्हिनेगर किंवा मुतात मिसळलं की विषारी वायू होतो.

मग कडक उन्हात खडखडीत वाळव, पावसाळ्यात फॅनखाली रात्रभर, ओलसर राहिलं तर बुरशी आलीच समज. तरी वास राहिला तर सँडपेपर मारून भुसा नीट पुसून काढ. फळी आतून काळी, मऊ पडली असेल तर मात्र सरळ बदल, उगाच घासत बसू नकोस.