हवा कमी केल्यावर डिफ्यूझरखाली गार झोत का पडतो?

खोलीच्या गरजेनुसार एसीची हवा कमी-जास्त करणाऱ्या व्हीएव्ही बॉक्सने हवा कमी केली की डिफ्यूझरखाली, म्हणजे छतातून ती हवा पसरवून सोडणाऱ्या तोंडाखाली, बसणाऱ्यांच्या मानेवर गार हवा पडते आणि दूरचा कोपरा कोंदट राहतो, म्हणून मोठ्या मापाचा डिफ्यूझर बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो बसवू नये. त्याने त्रास वाढेल.

डिफ्यूझरमधून छतालगत आडवा सुटणारा झोत आजूबाजूची हवा स्वतःत ओढून घेत पुढे सरकतो. वरच्या बाजूने, छत आडवे असल्यामुळे, त्याला अशी हवा मिळत नाही; तिथला दाब किंचित उतरतो आणि झोत छताला चिकटून राहतो. हाच कोआंडा परिणाम. गार हवा जड असूनही या पकडीमुळे वर टिकते, खोलीतल्या हवेत मिसळत जाते आणि माणसांपर्यंत येईतो तिचा वेग व गारवा दोन्ही ओसरलेले असतात. मात्र ही पकड वेगावर टिकून असते. प्रवाह घटला तरी पुरवठ्याची हवा तितकीच गार राहिली, तर जडपणा वरचढ ठरतो आणि झोत वाटेतच सुटून खाली कोसळतो. यालाच आपण डंपिंग म्हणतो. त्याच हवेला मोठे तोंड दिले, तर वेग आणखी उतरणार हे उघड आहे.

म्हणून डिफ्यूझर निवडताना उत्पादकाच्या तक्त्यातला थ्रो, म्हणजे झोताचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरपर्यंत उतरेपर्यंतचे अंतर, कमाल प्रवाहाइतकाच किमान प्रवाहालाही पाहावा, आणि तो भिंतीपर्यंतच्या अंतराशी किंवा शेजारच्या डिफ्यूझरपर्यंतच्या निम्म्या अंतराशी ताडून घ्यावा. कमाल प्रवाहाला तो फारच लांब निघाला, तर समोरासमोरचे झोत आदळून मध्येच खाली उतरतात. फॉल्स सीलिंग नसलेल्या जागेत छताची पकडच मिळत नाही, त्यामुळे तक्त्यातला थ्रो तिथे जसाच्या तसा धरू नये.

रिटर्न ग्रिल, म्हणजे खोलीतली हवा परत ओढून घेणारी जाळी, हलवण्यात मात्र वेळ घालवू नका. ओढीचा प्रभाव ग्रिलपासून थोड्याच अंतरावर संपतो.

काही बदलण्याआधी नेकवरचा, म्हणजे डिफ्यूझरच्या वरच्या जोडतोंडाला लावलेला, फ्लेक्सिबल डक्ट (हवा आणणारी लवचीक नळी) पाहा. तो तिथेच काटकोनात वळवलेला असेल, तर हवा एकाच बाजूने जोरात सुटते आणि तक्त्यातले आकडे निरुपयोगी ठरतात. नंतर किमान प्रवाहावर डिफ्यूझरच्या कडेशी चाचणीचा धूर सोडा. धूर छताला धरून पुढे गेला नाही, तर आधी किमान प्रवाह वाढवून पाहा, किंवा आर्द्रता आटोक्यात राहत असेल तर थंडाव्याची गरज कमी असताना पुरवठ्याच्या हवेचे तापमान थोडे वर न्या. तरीही धूर खालीच येत राहिला, तर लहान नेकचा डिफ्यूझर घ्यावा, मात्र कमाल प्रवाहाला त्याचा आवाज आणि दाबातली घट तपासूनच.