सवतीच्या पोटातला सपत्न

कोथरूडच्या एका ताई परदेशातल्या गरुडांच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण रोज पाहतात. त्यांचा प्रश्न : परका नर भांडून घरटं बळकावतो त्याला ‘घुसखोर’ म्हणावं का, आणि तोच पुढे आधीच्या नराची पिल्लं वाढवू लागला तर त्याला ‘सरोगेट बाप’ म्हणायचं का?

सरोगेट अजिबात नको. सध्या कुठेही ऐकतो आणि डोकं उठतं. २०२१ च्या कायद्यापासून आपल्याकडे हा शब्द दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणाऱ्या बाईला चिकटलाय. पिल्लांना घास भरवणाऱ्या नराचा त्याच्याशी काय संबंध? ‘घुसखोर’ चालेल, पण ढिला आहे. भांडखोर, चहाडखोर यांतला ‘खोर’ खोड सांगतो, आणि एकदाच हद्दीत शिरलेल्या पाखराला खोड कसली?

आमच्या मागच्या निलगिरीवर घारीचं घरटं आहे. काटक्यांत केशरी प्लॅस्टिकची सुतळी आणि कुठल्याशा पोतेऱ्याचा तुकडा. मागच्या फेब्रुवारीत एक परकी घार घिरट्या घालत खाली आली, तशी घरची घार किंचाळत उठली आणि तिला पार कालव्यापलीकडे पिटाळून आली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गॅलरीत उभ्या होत्या. म्हणाल्या, “सवत आली वाटतं हिची!”

हाच तो शब्द. सपत्नी म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. प्राकृतात सवत्ती, मराठीत सवत. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या १०५ व्या सूक्तात बरगड्या सवतींसारख्या चहूकडून जाचतात, अशी तक्रार आहे. दहाव्या मंडलातलं १४५ वं सूक्त तर सवतीचा काटा काढायला वनस्पती खणून काढण्याचंच. आणि या सपत्नीवरूनच झाला पुल्लिंगी ‘सपत्न’, म्हणजे प्रतिस्पर्धी, वैरी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘असपत्न’ राज्य म्हणजे ज्यावर दुसरा कोणी हक्क सांगत नाही असं राज्य.

पाणिनीच्या ‘व्यन् सपत्ने’ या सूत्रावर काशिका ही जुनी टीका म्हणते, की सपत्न हा शत्रुवाचक निराळाच शब्द, अव्युत्पन्न, म्हणजे दुसऱ्या कुठल्या शब्दापासून न झालेला. ‘सपत्नीव सपत्नः’, सवतीसारखा तो सपत्न, हे मत ती ‘दुसरे म्हणतात’ म्हणून देते. इथे काशिका साफ चुकते, ते दुसरेच बरोबर आहेत! सवतीचा जाच घराघरात भोगलेल्या समाजाला वैऱ्यासाठी वेगळा शब्द शोधायला जावंच लागलं नसणार.

आता खरी गंमत. सपत्नापासून ‘सापत्न’, आणि त्याचाच मराठी ‘सावत्र’. म्हणजे घरट्यावर चालून आलेला वैरी आणि त्याच घरट्यात पिल्लांना भरवणारा बाप, दोघंही एकाच शब्दाच्या पोटातले. ताईंच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यात आलं : येताना सपत्न, राहिला की सावत्र.

पण सावत्रमधला ‘र’ कुठून आला? सापत्नचं प्राकृतात ‘सावत्त’ होतं, त्यात र नाही. माझं मत असं, की पुत्त म्हणजे पुत्र, मित्त म्हणजे मित्र हे कानाला सवयीचं होतं, म्हणून कोणीतरी ‘सावत्त’ही शुद्ध करायला गेलं आणि नसलेला र बसवला. शुद्धीच्या हौसेतून झालेली अशुद्धी, आणि तीच आज प्रमाण. म्हणून ‘सापत्न वागणूक’ऐवजी ‘सापत्निक वागणूक’ लिहिणाऱ्यांवर मी चिडतो. आधीच एकदा दुरुस्त झालेल्या शब्दावर आणखी किती दुरुस्त्या करणार?

एक अपवाद सांगायला हवा. अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या पक्षी-अभयारण्यात मर्फी नावाचा, उडू न शकणारा गरुड होता. २०२३ मध्ये तो एक दगड अंडं समजून उबवत बसला होता. शेवटी त्याला एक पोरकं पिल्लू दिलं, आणि ते त्याने वाढवलं. त्याने कोणाचं घरटं बळकावलं नाही, त्यामुळे तो सावत्रही नाही. त्याला मानलेला बाप म्हणा.