वरणभातावर मॅरेथॉन होते का?

प्रश्न : दादा, मी परळला राहतो, पहाटे पाचला उठून मरीन ड्राइव्हला पळायला जातो, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चाललीय. ग्रुपमधले सगळे मागे लागलेत की अंडी-चिकन सुरू कर, वरणभातावर बेचाळीस किलोमीटर होत नसतात. त्यात एक जण म्हणतो फिनलंडच्या एका शाकाहारी माणसाने ऑलिम्पिक मॅरेथॉन मारलीय. तो म्हणजे फिनलंडचा प्रसिद्ध धावपटू पावो नुर्मी का? की नुसतीच फेकाफेक?

उत्तर : फेकाफेक नाही हो, पण नुर्मीही नाही. हा त्याच्या आधीचा, हानेस कोलेहमाइनेन, कुओपिओचा, जन्म १८८९. भाऊही पळणारे, घरातच रनिंग. आणि हो, शाकाहारी होता. पण म्हणून जिंकला असं मात्र ग्रुपमध्ये सांगू नका, तो जिंकला ते प्रॅक्टिसवर.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पठ्ठ्याने आठवडाभरात तीन गोल्ड घेतली, १० हजार मीटर, ५ हजार मीटर आणि क्रॉसकंट्री. त्यातली ५ हजारची रेस म्हणजे कहर, फ्रान्सचा ज्याँ बुएँ शेवटपर्यंत पुढे, आणि अगदी फिनिशला ह्याने त्याला गाठलं, टाइम १४ मिनिटं ३६.६ सेकंद, बुएँ फक्त ०.१ सेकंद मागे. तोवर १५ मिनिटांच्या आत ५ हजार मीटर कोणी पळालंच नव्हतं, आणि त्या दिवशी एकदम दोघं पळाले.

पण मला खरी चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात, त्यामुळे पोरगा जिंकला की वर चढायचा रशियाचा झेंडा. तो बघून वाटलं की जिंकलोच नसतो तर बरं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आपल्या आजोबा-पणजोबांना हे वेगळं समजवायला लागलं नसतं.

मग गडी अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कला गवंडीकाम करत पळत राहिला. १९१६ चं ऑलिम्पिक महायुद्धात बुडालं. १९१७ ला फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९२० ला अँटवर्पमध्ये तो मॅरेथॉनला उतरला, वय ३०, टाइम २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद, एस्टोनियाचा लोसमन जेमतेम १३ सेकंद मागे. ह्या वेळी झेंडा स्वतःच्या देशाचा.

आता कान देऊन ऐका, त्याच रेसमध्ये आपला बेळगावचा फडेप्पा चौगुलेही पळत होता! दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन पाठवलेल्या टीममधला, १९ वा आला, सुमारे २ तास ५० मिनिटांत. आपल्याकडे हे नाव किती जणांना माहितीय, सांगा.

नुर्मीचं म्हणाल तर तो १९१२ ला १५ वर्षांचा होता, ह्यालाच बघून पेटला. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मैदानातली ज्योत नुर्मीने पेटवली आणि स्टेडियमच्या उंच टॉवरवरची कोलेहमाइनेनने, तेव्हा तो ६२ चा. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं, ते तर तुम्हाला माहीतच असेल.

आणि हो, अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे तुमच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. तेव्हा वरणभात चालू ठेवा, फक्त वरण जरा घट्ट घ्या.