भर उन्हात प्रवाळाची जनुकं काय करत असतात?

तुम्ही विचारलंय: लक्षद्वीपला कदमत बेटावर स्नॉर्केलिंग करताना कमरेइतक्या पाण्यातली प्रवाळं जांभळी-गुलाबी दिसली आणि जरा खोल गेल्यावर तशाच आकाराची प्रवाळं मातकट तपकिरी. सोबतचा गाईड म्हणाला, "वरच्यांना ऊन लागतं म्हणून." मग उन्हाने प्रवाळाची जनुकं बदलतात का?

गाईडने सांगितलं ते बरोबर आहे. फक्त जनुकं तीच राहतात. कोणत्या जनुकाकडून किती काम करून घ्यायचं, ते उन्हाप्रमाणे बदलतं. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी रंगाचं बघू. प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशच्या भाऊबंदांतला. प्रवाळभिंती बांधणाऱ्या प्रवाळांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्राण्याला देतं. तपकिरी रंग या शैवालाचा. म्हणजे तुम्हाला खोलवर दिसलेली प्रवाळं मळकट वाटली तरी ती बहुधा खाऊनपिऊन सुखी होती. जांभळा-गुलाबी रंग मात्र प्राणी स्वतः तयार करतो. (मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं यातलं नव्हे. ते भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढतं, त्याच्या अंगात शैवाल नसतं आणि त्याचा लाल रंग सांगाड्यातच मुरलेला असतो.)

मग उथळ पाण्यातल्या प्रवाळाला रंगाची गरज का पडते? उष्ण कटिबंधातलं दुपारचं ऊन शैवालाला पचवता येईल त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत डी-१ नावाचं प्रथिन असतं. ते प्रखर प्रकाशात सतत मोडतं आणि शैवाल त्याच्या जागी सतत नवं बसवतं. दुरुस्ती मागे पडली की हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी, ऑक्सिजनपासून बनलेली दाहक द्रव्यं साठू लागतात. ती शैवालाला पोळतात आणि त्याच्या यजमानालाही. आपण अशा वेळी सावलीला जातो. प्रवाळ खडकाला जखडलेलं. त्याला सावली स्वतःच्या अंगातच करावी लागते.

ती सावली म्हणजेच तुम्ही पाहिलेला जांभळा-गुलाबी रंग. इथे थोडं माझ्याबद्दल सांगते. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एमचेरी नावाचं लाल चमकणारं प्रथिन पेशींत घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. हे प्रथिन ज्या मूळ प्रथिनापासून घडवलं, ते मिखाईल मात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जाहीर केलं होतं. ते मिळालं होतं डिस्कोसोमा या प्रवाळांच्या चुलतभावात, तेही मॉस्कोतल्या मत्स्यालयात वाढलेल्या. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन तुम्ही ऐकलं असेल. ओसामू शिमोमुरांनी ते १९६२ साली वेगळं केलं आणि २००८ साली त्यावर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे लाल प्रथिन त्याच घराण्यातलं. पण ज्या प्राण्याचं ते आहे, त्याला स्वतःला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नाही. याची आज हळहळ वाटते.

त्या प्रश्नाचं एक ठोस उत्तर २००० साली आन्या सालिह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं: उथळ पाण्यातल्या प्रवाळांत ही रंगद्रव्यं शैवालाच्या वरच्या बाजूला पसरलेली असतात आणि नको तेवढा प्रकाश अडवतात. पुढे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि सेसिलिया दांजेलो यांच्या गटाने दाखवलं की या प्रथिनांची जनुकं प्रकाशाच्या, त्यातही निळ्या प्रकाशाच्या प्रमाणात काम करतात. निळाच का, याचा विचार करून बघा. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं आणि निळा सर्वांत खोल पोचतो. डोक्यावर ऊन किती आहे हे पाण्याखालून ओळखायचं तर निळ्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

याच गटाचं २०१५ सालचं काम तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातं. अॅक्रोपोरा मिलेपोरा या फांद्यांच्या प्रवाळात एकाच जातीची लालभडक आणि फिकी प्रवाळं शेजारी शेजारी, अगदी सारख्या उन्हात वाढलेली दिसतात. असं का? उत्तर निघालं ते असं की लाल प्रथिनाचं जनुक त्यांच्यात एकच नसतं, त्याच्या अनेक प्रती असतात. गावजेवणाला भाताच्या चुली ओळीने मांडतात, प्रत्येकीवर भातच असतो, आणि किती चुली पेटवायच्या ते पंगत बघून ठरतं. तसंच हे. ऊन वाढलं की प्रती कामाला लागतात. ज्या प्रवाळात जास्त प्रती चालू होतात ते जास्त रंगतं आणि भर उन्हात जास्त तग धरतं. मग सगळ्याच प्रवाळांनी सगळ्या चुली का पेटवू नयेत? कारण प्रथिन बनवायला ऊर्जा लागते. सावलीत राहणाऱ्याने तो खर्च केला तर वाढीसाठी काही उरत नाही. एकाच जातीत दोन्ही प्रकार टिकून राहतात ते यामुळे. मला हे उत्क्रांतीचं फार समंजस उदाहरण वाटतं आणि वर्गात मी ते दरवर्षी सांगते.

अतिनील किरणांसाठीची तजवीज वेगळी आहे. त्यांना शोषून घेणारी बिनरंगाची, मायकोस्पोरीनसारखी अमिनो आम्लं प्रवाळाच्या अंगात असतात. ती शैवालाकडूनच येतात असं बराच काळ मानलं जाई. २०११ साली ओकिनावातल्या संशोधकांनी अॅक्रोपोरा डिजिटिफेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला, प्रवाळांतला पहिलाच. त्यात ही द्रव्यं बनवायची जनुकं खुद्द प्राण्याकडेच सापडली.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर घुमटासारखी वाढणारी प्रवाळं आहेत. वर्षातल्या काही महिन्यांत ओहोटीच्या वेळी त्यांच्या पश्चिमेकडच्या बाजूवर कडक ऊन पडतं, पूर्वेची बाजू त्या मानाने वाचते. पुढे समुद्र तापला तेव्हा प्रवाळांच्या अभ्यासक बार्बरा ब्राउन यांना दिसलं की त्याच घुमटाची पूर्वेकडची बाजू पांढरी पडली, म्हणजे तिथलं शैवाल निघून गेलं, आणि उन्हाने आधीच भाजलेली पश्चिमेची बाजू तपकिरीच राहिली. प्राणी एक, जनुकं एक, दोन्ही बाजूंचं शैवालही एकाच प्रकारचं. फरक होता तो प्राण्याच्या तयारीत: पश्चिमेच्या बाजूला दाहक द्रव्यं निवळवणारी आणि उष्णतेत इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिनं जास्त होती. मग २००० साली त्यांच्या गटाने काही घुमट उचलून उलट दिशेला फिरवून ठेवले. पूर्वी ऊन खाल्लेली बाजू आता पूर्वेला आली. दहा वर्षांनी, २०१० साली, समुद्र पुन्हा तापला. आणि दहा वर्षं सावलीत काढूनही ती जुनी पश्चिमेची बाजूच जास्त टिकली! ना मेंदू, ना नीटसे डोळे, तरी दहा वर्षांपूर्वीचं ऊन त्या अंगाच्या लक्षात होतं.

यावरून "प्रवाळांकडे स्वतःचं सनस्क्रीन आहे, ती निभावून नेतील" असं कुणी म्हणालं तर कृपा करून मान डोलावू नका. उन्हाशी त्यांची ओळख कोट्यवधी वर्षांची आहे. घात होतो तो गरम पाण्याने. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखादा अंश सेल्सियस, आणि तेही काही आठवडे, एवढंही पुरतं. शैवालाची दुरुस्ती मंदावते आणि रोजचंच ऊन त्याला सोसेनासं होतं. शैवाल निघून जातं, खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो, आणि तो आरशासारखा प्रकाश परत आत फेकत राहतो.

इथे तुमच्या जांभळ्या-गुलाबी रंगाबद्दल एक काळजीची गोष्ट सांगायलाच हवी. साउथॅम्प्टनच्याच गटाने २०२० साली दाखवलं की पाण्याचा ताप सौम्य किंवा थोड्या दिवसांचा असेल, तर शैवाल कमी झाल्यामुळे अंगात वाढलेला हा प्रकाशच रंगाची जनुकं जोरात चालू करतो. प्रवाळ निऑनसारखं जांभळं, पिवळं, गुलाबी होतं. त्या रंगाच्या आडोशाला शैवाल परत येऊ शकतं आणि ते आलं की रंग आपोआप ओसरतो. म्हणजे पर्यटक ज्या भडक रंगांचे फोटो हौसेने काढतात, तो कधी कधी प्रवाळाचा सावरण्याचा प्रयत्न असतो. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली आहेत, म्हणून हे तिथे जाणाऱ्याला माहीत असावं.

तुम्ही पाहिलेला रंग यांतला कोणता होता हे ओळखायचा एक साधा मार्ग आहे. तुमचे फोटो मोठे करून फांद्यांच्या बुडाशी बघा. टोकं जांभळी आणि खालची, सावलीतली बाजू तपकिरी असेल, तर शैवाल जागेवर आहे आणि ते प्रवाळ रोजच्या उन्हाला रोजच्यासारखं तोंड देत होतं. वाढत्या टोकांवर शैवाल मुळातच विरळ असतं, त्यामुळे तिथला रंग जास्त उठून दिसतो. पण बुडापासून शेंड्यापर्यंत सगळं एकसारखं झगझगीत असेल आणि तपकिरी कुठेच नसेल, तर मात्र फोटोची तारीख बघा आणि त्या आठवड्यांत तिथल्या समुद्राचं तापमान किती होतं ते शोधा. फोटो इथे टाकलेत तर मीही बघेन.