तीन जाहिराती आणि एक वही

पुणे, रविवार सायंकाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या नोकरीच्या तिन्ही जाहिराती काल रात्री दोनदा वाचल्या. फोनवरचे बोलणे विसरले जाते, म्हणून सविस्तर लिहितो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे आणि खोलीचे भाडे यांचा मेळ घालत चार महिने नोकरी शोधणाऱ्या मुलाला अनोळखी क्रमांकावरून आलेला प्रत्येक फोन आशेचा वाटतो, हे मी जाणतो. फसवणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते.

पूर्वी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची, तर माणसाला खिडकीपाशी जाऊन मजकूर लिहून द्यावा लागे आणि पैसे भरून पावती घ्यावी लागे. तेवढ्याने तो प्रामाणिक ठरत नसे, पण त्याचा माग तरी राहत असे. आज एक मोबाईल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी एवढ्यावर जाहिरात झळकते. म्हणून या जाहिराती पाहूच नयेत, असे मी म्हणणार नाही. नऱ्हेतला लहान कारखानदार, कोथरूडमधील करसल्लागाराचे कार्यालय, हडपसरचे गोदाम अशी कितीतरी सरळ माणसे याच मार्गाने माणसे शोधतात. मात्र जाहिरातदाराची चौकशी आता तुलाच करावी लागेल.

पहिली जाहिरात चाकणची. ‘थेट भरती, मुलाखत नाही, आजच जॉइनिंग’, पगार अठ्ठावीस हजार, राहणे-जेवण मोफत. आणि फोन केल्यावर जाहिरात देणाऱ्या कन्सल्टन्सीने, म्हणजे नोकरी लावून देणाऱ्या मध्यस्थाने, गेट पास, गणवेश, सेफ्टी शूज व मेडिकल यांसाठी २,५०० रुपये मागितले. भोसरीच्या एका कारखान्यात कामगार विभागात मी आयुष्याची बरीच वर्षे काढली, म्हणून तुला खात्रीने सांगतो: आमच्याकडे गेट पास टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, तयार होत असे, वैद्यकीय तपासणी कारखान्याने नेमलेला डॉक्टर करीत असे आणि बूट भांडारातून मिळत. यांपैकी कशासाठीही कामगाराने कामावर येण्याआधी तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पैसे भरल्याचे मला आठवत नाही. नोकरीत पैसा मालकाकडून कामगाराकडे जातो. तो उलटा वाहू लागला की तिथेच थांबावे, मग त्या रकमेला नोंदणी शुल्क म्हणोत, अनामत म्हणोत किंवा लॅपटॉपची परत मिळणारी ठेव म्हणोत. टीसीएस आणि इन्फोसिससारख्या कंपन्यांनी भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, ते याच कारणाने.

एका सकाळी पहारेकऱ्याने एका मुलाला माझ्याकडे आणून सोडले. नांदेडकडून रात्रभर प्रवास करून आलेला, हातात कपड्यांची पिशवी, आणि आमच्या कारखान्याच्या बोधचिन्हाचे नियुक्तिपत्र. खालची सही ज्या अधिकाऱ्याची होती, त्या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. त्याने बारा हजार रुपये भरले होते, तेही वडिलांनी उसने आणलेले. मी त्याला चहा दिला, पोलीस ठाण्यात बरोबर गेलो, परतीच्या तिकिटाची सोय केली. यापलीकडे मला काही करता आले नाही. घरी काय सांगू, हे त्याने मला दोनदा विचारले. तुला इतके बारकाईने लिहिण्याचे कारण तो मुलगा आहे.

२,५०० ही रक्कमही विचारपूर्वक ठरवलेली असते, कारण एवढ्यासाठी कोणी तक्रार करायला जात नाही. तुला चाकणला काम करायचेच असेल, तर कन्सल्टन्सीकडून कंपनीचे आणि कंत्राटदाराचे नाव लेखी माग, ते मिळाले तर भोसरीहून बस पकडून त्या कंपनीच्या दारापर्यंत जा आणि असा कंत्राटदार त्यांच्याकडे आहे का, हे टाइम ऑफिसात विचारून ये. अर्ध्या दिवसाचा खर्च आहे, पण याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

दुसरी जाहिरात मला सर्वांत घातक वाटते, कारण ती अगदी निरुपद्रवी दिसते. घरबसल्या डेटा एंट्री, दहा दिवसांत ठरावीक पाने, पैसे भरण्याची गरज नाही. फक्त आधार, पॅन आणि मोबाईलवरच सही करायचा करार. पुढे काय होते ते ऐक. काम मुद्दाम असे दिलेले असते की ठरलेल्या अचूकतेत ते बसतच नाही, किंवा मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही. मग ‘वकिलाचा’ फोन येतो, करारभंगाची नोटीस येते, न्यायालयाचा शिक्का दिसतो आणि चार-पाच हजारांत प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली जाते. घाबरून भरलेले पैसे इथे कधी संपत नाहीत, कारण एकदा भरणारा पुन्हा भरतो, हे त्यांना कळलेले असते. ठरलेले काम पूर्ण न होणे हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. त्यासाठी कोणी फोनवरून अटक करीत नाही आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. तुझ्या खोलीतील कोणी अशा कचाट्यात सापडलेला असेल, तर त्याला पैसे भरण्याआधी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ने, किंवा १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करायला सांग. लाजेमुळे मुले ही गोष्ट लपवतात आणि धमकावणाऱ्याचे फावते.

कागदपत्रांचेही येथेच सांगतो. बायोडेटामध्ये नाव, शिक्षण, अनुभव, फोन आणि ईमेल एवढे पुरे. आधार क्रमांक, पॅन आणि घरचा पूर्ण पत्ता त्यात असण्याचे कारण नाही. ओळखपत्र मुलाखतीनंतर, निवड ठरल्यावर द्यावे, आणि तेव्हाही शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार चालेल का, हे विचारावे. प्रत द्यावी लागली, तर तिच्यावर आडवे लिही: ‘अमुक कंपनीतील नोकरीसाठी’, आणि तारीख घाल. मूळ गुणपत्रिका दाखवायची आणि परत आणायची; ती ठेवून घेणाऱ्याकडे नोकरी करू नये. बँकेचे खाते तर कोणालाही वापरायला देऊ नकोस, महिन्याला कितीही भाडे मिळाले तरी. तुझ्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला की खाते गोठते आणि पोलीस सर्वांत आधी तुझ्याच दारात येतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि मुलाखतीसाठी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (थेट पाठवलेले ॲप) किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप मोबाईलमध्ये घेऊ नये. टेलिग्रामवर व्हिडिओ ‘लाइक’ करून कमाई म्हणतात, त्यात पहिले दीडशे रुपये खरेच मिळतात. ते पुढच्या मोठ्या ‘टास्क’साठी तुझ्याकडून हजारो भरून घेण्याकरिता असतात.

तिसरी बाणेरची जाहिरात मला बरी वाटली. पगार त्या कामाला साजेसा आहे, पत्ता दिलेला आहे आणि मुलाखत कार्यालयात आहे. तरी एवढे कर. कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असल्याचे लिहिले आहे, तेव्हा तिचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, माग. तो एकवीस अक्षरे-अंकांचा असतो. त्यात राज्याची दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे स्थापनेचे वर्ष असते, म्हणून ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणारी कंपनी गेल्या वर्षी नोंदलेली असेल, तर तिथेच उघडे पडते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव घातले की नोंद पाहता येते. एकट्या मालकाची पेढी तिथे सापडणार नाही; तिचा जीएसटी क्रमांक असेल, तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा, महाराष्ट्राचा असल्यास त्याची सुरुवात २७ ने होते. खरी नोंद मिळाली, तरी फोन करणारा माणूस त्याच कंपनीचा आहे, हे त्यावरून ठरत नाही; ते कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर आपण फोन करूनच कळते.

आता वहीचे. शंभर पानी साधी वही घे आणि प्रत्येक अर्जाला एक पान दे: तारीख, जाहिरात कुठे दिसली, कोणत्या क्रमांकावरून कोण बोलले, काय मागितले, आपण कोणता कागद दिला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेव, कारण नंतर ती काढून टाकलेली असते. सहा महिन्यांनी तुझ्या पॅनवर कोणी कर्ज उचलल्याचे दिसले, तर आपण पॅन कोणाकोणाला दिले होते, हे तुला वहीच सांगेल. पोलीसही हीच माहिती विचारतात. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, व्यवहार क्रमांक सांगावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम एखाद्या खात्यात अडवता येण्याची शक्यता अधिक असते. चाकण आणि हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात व तुझी खोली पुणे शहरात, म्हणून हद्दीच्या विचारात वेळ घालवू नये.

चाकणच्या माणसाला आज ‘पैसे देणार नाही’ एवढेच कळव, वाद घालू नकोस. डेटा एंट्रीवाल्यांना कागद पाठवले नसशील, तर त्यांचा क्रमांक ब्लॉक कर. पाठवले असतील, तर मला न लपवता सांग, मी रागावणार नाही. बाणेरची मुलाखत गुरुवारी अकराला आहे, तेव्हा बुधवारी संध्याकाळी वही आणि कंपनीचा ईमेल घेऊन घरी ये. सीआयएन आपण दोघे मिळून पाहू, आणि जेवूनच जा.

तुझा,
काका

ता. क. गुरुवारी निघताना कार्यालयाचा पत्ता खोलीतल्या मित्राला लिहून दे. आयत्या वेळी त्यांनी जागा बदलून एखाद्या लॉजवर किंवा फ्लॅटवर बोलावले, तर न जाता मला फोन कर.