साठी उलटल्यावर मित्रांसोबत घाटातल्या घरात राहायला जायचंय, झेपेल का?

तुमचा प्रश्न असा: चौघे मित्र, सगळे साठीच्या पुढचे, पाऊस सरल्यावर म्हापशाहून गाडी काढून डोंगरातल्या एखाद्या घरात राहायचं म्हणताय. कुठे जावं, झेपेल का, आणि एक रात्र पुरे की दोन?

झेपतं. आम्ही गेलो तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि चौघांत धाकटा मीच. कदंबवर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, ड्रायव्हर म्हणून तीस वर्षं काढली, त्यातली बरीच पणजी-बेळगाव मार्गावर. त्यामुळे घाटाबद्दल थोडं अधिकाराने बोलेन. बाकी बाबतीत माझं ऐकायलाच हवं असं नाही.

जागा म्हणाल तर चोर्ला घाट. डिचोली, साखळी, केरी करत सावकाश गेलात तरी दोनेक तासांत वर. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे म्हापशात अंग घामाने चिकचिकत असतं तेव्हा वर चार-पाच अंश कमी. आंबोलीही चालेल, पण शनिवार-रविवारी तिथे नुसती जत्रा. दक्षिण गोव्यात कोणी नातेवाईक असेल तर नेत्रावळी बघा. गोपिनाथाच्या देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी तेवढ्यासाठी जाण्यासारखी आहे, पण तिथे घाटमाथ्याची हवा नाही.

दिवस निवडताना एक लक्षात ठेवा. दसऱ्यानंतर पाऊस गेला असं आपण म्हणतो, पण जाता जाता तो दुपारी तीन-चारच्या सुमाराला गडगडून जातोच. सकाळ मात्र लख्ख असते. म्हणून सातला निघा आणि जेवणाच्या आत घरात पोचा. दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे अजिबात निघू नका, साखळीपर्यंत पोचतानाच नाकी नऊ येतील. वझर, म्हणजे धबधबे, बघायचे म्हणून जाणार असाल तर श्रावणात जायला हवं होतं. ऑक्टोबरअखेर पाण्याची धार बारीक होते. पण दरीत ऊन उतरतं, गवत पिवळं पडायला लागतं, आणि सकाळी धुकं खालून वर येताना दिसतं. आमच्या वयाला मला तरी हेच बरं वाटतं.

आता गाडी. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांची लायसन्सं टेबलावर ठेवायला लावा. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं, आणि ही पाच वर्षं कशी जातात कळत नाही. आमच्यात बँकवाला आणि मास्तर आलटून पालटून चालवणार असं ठरलं होतं. मास्तरांचं लायसन्स जूनमध्येच संपलेलं निघालं. चाळीस वर्षं मुलांच्या हजेऱ्या घेतलेला माणूस! माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून सगळं बँकवाल्यावर आलं आणि मी शेजारी बसलो. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप खालच्या मॅटवर दाबला जायचा. केरीपासून वरपर्यंत मी ती गाडी पायानेच चालवली म्हणा ना. शेवटी बँकवाला म्हणाला, "तुमचा ब्रेक माझ्या आधी लागतो, मग मी कशाला लावू?"

चढताना फारसं काही नाही. अडचण उतरताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसऱ्यात, कुठे कुठे पहिल्यातसुद्धा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग दाबून उपयोग होत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती 'डी'वर टाकून नुसत्या ब्रेकवर उतरू नका, खालचा गिअर कसा पाडायचा ते घरच्या मुलाकडून आधीच शिकून घ्या. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा शिष्टाचार नव्हे, नियम आहे. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा, वरच्या लाइटने समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. आणि दहा वर्षांत चौघांपैकी कोणीही घाट चालवला नसेल तर ड्रायव्हर घ्या. त्यात कमीपणा नाही, हे मी ड्रायव्हर असून सांगतोय.

पेट्रोल साखळीत भरून घ्या. बाटली बरोबर नेणार असाल तर वर कर्नाटकाची हद्द लागते हे विसरू नका. परमिटशिवाय गोव्याची दारू पलीकडे नेली की चेकपोस्टवर म्हातारपणाची सवलत मिळत नाही.

मोबाइलवरच्या नकाशाची एक गंमत सांगतो. आमचं घर सत्तरी तालुक्यातल्या सुर्ल्याच्या बाजूला होतं. चौथा भिडू, पोस्टातला, फोंड्याहून भाच्याबरोबर वेगळा येणार होता. भाच्याने नकाशात 'सुर्ला' टाकलं आणि निघाला. गोव्यात सुर्ला एक नाही: एक डिचोली तालुक्यात, एक हे घाटावरचं, आणि एक तांबडी सुर्ला. साडेदहाला त्याचा फोन आला, "पोचलो, पण घर कुठंय? इथे तर महादेवाचं देऊळ!" कदंब राजांच्या काळातलं काळ्या दगडाचं ते देऊळ, आणि हा त्याच्या पायरीवर बसलेला. आयुष्यभर लोकांची पत्रं पत्त्यावर पोचवली आणि स्वतः भलत्याच पत्त्यावर उतरला. दर्शन घेऊन, वाळपईवरून केरीला येऊन, तो दोन वाजता वर पोचला. तेव्हा तालुक्यासकट पत्ता टाका, आणि वर रेंज येते-जाते म्हणून मालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

घर ठरवताना फोटोतली दरी बघू नका. मालकाला चार गोष्टी विचारा: संडास घरातच आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का, पायऱ्या किती. आमच्या घराला अंगणातून वर सात पायऱ्या होत्या, चिऱ्याच्या, आणि चार महिन्यांच्या पावसाचं शेवाळ त्यांच्यावर तसंच. मास्तर तिसऱ्या पायरीवर घसरले. बसले म्हणून निभावलं, पडले असते तर मांडीचं हाड होतं. मग घर सांभाळणाऱ्या माणसाने नारळाच्या शेंडीने ती एकेक पायरी घासली, वर चुलीतली राख टाकली. तुम्ही पोचायच्या आधीच हे करून ठेवायला सांगा. रात्री तीनला उठावं लागतंच, म्हणून प्रत्येकाच्या उशाशी स्वतःची बॅटरी हवी. एकच बॅटरी चौघांत नेलीत तर ती नेमकी आत गेलेल्याकडे असते.

औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. साखरेचा त्रास असलेल्याने घाटात उपाशी राहू नये, खिशात काहीतरी असू दे. काही झालंच तर १०८ला फोन आहे, खाली साखळीत सरकारी दवाखाना आहे, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. हृदयाचं अलीकडेच काही झालेलं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय निघू नका.

जेवण तिथलंच घ्या. आम्हाला सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर भाजलेला सुका बांगडा आणि तोरांचं, म्हणजे कैऱ्यांचं, लोणचं मिळालं. संध्याकाळी जरा पाय मोकळे करू म्हटलं तर घर सांभाळणारा म्हणाला, "दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर नको, गवे येतात." भोवती म्हादईचं अभयारण्य, १९९९ साली जाहीर झालेलं, २०८ चौरस किलोमीटरचं, तेव्हा पाहुणे आपण. ओल्या गवतात जळवा अजून असतात, मोज्यांवर तंबाखूचं पाणी मारलं तर चढत नाहीत.

राहता राहिला एक की दोन रात्रींचा प्रश्न. दोन. पहिल्या रात्री आम्ही साडेआठला जेवलो आणि नऊला चौघेही घोरत होतो. गप्पा मारू म्हणून पत्ते नेले होते, ते पिशवीतून निघालेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी कुठेही गेलो नाही. धुकं वर आलं, गेलं, पुन्हा आलं. पोस्टातला सोप्यावर बसून समोरच्या डोंगराला, ओळखीचा असल्यासारखा, बघत राहिला. त्या रात्री जेवण झाल्यावर मास्तरांनी कोणी न सांगता एक अभंग धरला. बायको गेल्यापासून त्यांनी भजनाला बसणं सोडलं होतं. बँकवाल्याने ताटावर ठेका धरला, अगदीच बेताल. बारा कधी वाजले कळलं नाही.