लाल गॉब्लिन डेक चौथ्या टर्नला दमतो. मोठे क्रीचर घालू का?

तुमचं म्हणणं असं: मॅजिक या पत्त्यांच्या खेळात लाल आक्रमक डेक (पत्त्यांचा संच) खेळता, सुरुवात दणक्यात होते, मग समोरचा चौथ्या लँडवर (लँड म्हणजे माना, म्हणजे पत्ते खेळायचा खर्च, देणारा पत्ता) रॅथ ऑफ गॉड टाकतो, टेबलावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारे पत्ते, मरतात आणि तुमचा हात रिकामा. कुणीतरी सल्ला दिलाय की पाच-सहा मानाचे मोठे क्रीचर घाला.

घालू नका. ६० पत्त्यांत २० लँड असतील तर बारा पत्ते बघून झाल्यावर सरासरी ४ लँड येतात. म्हणजे दुसरे खेळताना (सुरुवातीचे सात पत्ते, मग दर टर्नला एक) पाचव्या टर्नलाही तो पाच मानाचा राक्षस हातातच कुजतो. त्याच्यासाठी लँड २४ केलीत, तर क्रीचर हवे असताना लँड उचलत बसाल. हा सल्ला देणारे बहुधा तेच, ज्यांच्या मते आक्रमक डेक म्हणजे डोकं बाजूला ठेवून पत्ते आडवे करणं, म्हणजे नुसता हल्ला करत सुटणं. माना कर्व्ह (किती मानाचे किती पत्ते, याची मांडणी) हा शब्द ते रोज वापरतात. ती कल्पना रुजवण्यात १९९६ च्या 'स्लाय' या लाल डेकचा मोठा वाटा आहे, हे मात्र सोयीस्कर विसरतात.

डेकमध्ये आधी एक मानाचे क्रीचर मोजा. ८ असतील तर पहिल्या सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के, १२ असतील तर ८१, १६ असतील तर ९०. बाराच्या खाली जाऊ नका. पहिल्या दोन टर्नला काहीच उतरणार नसेल, तर हात कितीही देखणा असो, मलिगन घ्या, म्हणजे तो हात परत करून नवा उचला.

आता रॅथ. इथे बहुतेक जण 'सगळं ओतू नका' एवढंच सांगून मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे.

समजा तिसरा टर्न चालू आहे. टेबलावर गॉब्लिन गाइड (एक मानाचा २/२, म्हणजे २ मारतो आणि २ डॅमेजने मरतो; उतरताच हल्ला करू शकतो) आणि दोन मानाचा एक २/२. गाइडने पहिल्या दोन टर्नला २-२ मारले, आता दोघांनी मिळून ४, म्हणजे समोरचा २० लाइफवरून १२ वर. त्याच्याकडे ब्लॉकर (हल्ला अडवणारा क्रीचर) नाही. तुमच्याकडे तीन लँड; हातात आणखी एक गाइड, आणखी एक २/२ आणि दोन लाइटनिंग बोल्ट (एका मानात ३ डॅमेज).

तुम्ही पहिले खेळत असाल तर बेधडक दोन्ही क्रीचर उतरवा. त्याचं चौथं लँड तुमच्या चौथ्या हल्ल्यानंतर येणार. चौघांचे ८, मग तो ४ वर, दोन बोल्टचे ६. संपला. इथे क्रीचर जपून ठेवणारा स्वतःच त्याला रॅथपर्यंत पोचवतो.

दुसरे खेळत असाल तर गणित उलटं. तुमचा टर्न संपताच त्याचं चौथं लँड पडतं. चारही क्रीचर टेबलावर असतील तर एका पत्त्यात चार गेले. दोन्ही बोल्ट मारूनही तो ६ वर, आणि तुम्ही डेकच्या वरच्या पत्त्याकडे आशेने बघत बसणार. त्याऐवजी हल्ल्यानंतर फक्त एक बोल्ट थेट त्याला मारा: ९. रॅथमध्ये दोनच जातील. चौथ्या टर्नला तीन लँडवर गाइड आणि २/२ उतरवा. गाइडला हेस्ट आहे, लगेच २ मारतो: ७. पाचव्या टर्नला दोघांचे ४, उरलेल्या बोल्टचे ३. शून्य. हेस्टवाला पत्ता हातात ठेवायचा तो यासाठी, कारण चार मानाचा रॅथ टाकल्यावर चौथ्या टर्नला त्याच्याकडे उत्तर द्यायला माना नसतो.

मधल्या टर्नला त्याने ब्लॉकर उतरवला किंवा लाइफ वाढवलं तर हे आकडे कोलमडतात, तेव्हा दर टर्नला नव्याने मोजा. समोर लाल असेल तर हिशेब आणखी आधीचा: पायरोक्लाझम दोनच मानाचा आणि तुमचे सगळे २/२ त्यात साफ. बोल्ट ब्लॉकरवर खर्चायचा तर त्यामुळे त्या टर्नला ३ पेक्षा जास्त डॅमेज आत जाणार असेल तरच. हेस्ट नसलेले क्रीचर हल्ल्यानंतर उतरवा, आधी नाही. ब्लॉक करणाऱ्याला तुमच्या मोकळ्या मानाची धास्ती राहू द्या.

आणि गाइडची ती जाच वाटणारी अट. तो हल्ला करतो तेव्हा समोरच्याचा वरचा पत्ता उघडतो, लँड असेल तर त्याच्या हातात जातो. त्यामुळे 'त्याचं चौथं लँड चुकेल' या भरवशावर खेळू नका. पण लँड नसेल तर पत्ता तिथेच राहतो, म्हणजे त्याचा पुढचा ड्रॉ तुम्हाला आधीच कळतो. तिथे रॅथ दिसला तर काय हातात ठेवायचं ते तुम्ही त्याच्याही आधी ठरवू शकता.